तिकीट स्वस्त, की सेवा वजा?

एस.टी.ची गाडी फलाटाला लागली की तिचा वर्ग कुणाला विचारावा लागत नाही. लाल गाडी आहे, निमआराम आहे की शिवनेरी, हे रंगरूपावरूनच कळते आणि ज्याला जी परवडते तीत तो निमूटपणे बसतो. आगगाडीचेही तसेच. शयनयान आणि वातानुकूलित डबा यांतील फरक खिडकीकडे पाहून लहान मूलही सांगेल. विमानाची गोष्ट मात्र निराळी आहे. विमानतळाची चकचकीत फरशी सर्वांना सारखीच, सुरक्षा तपासणीची रांग तीच, आणि बाहेर उभे असलेले एअरबस ए-३२० जातीचे विमानही बहुधा तेच. तरीही एका कंपनीच्या तिकिटात जेवण, सामान, तारीख बदलण्याची थोडीफार मुभा हे सारे अंतर्भूत असते. तर दुसरीच्या तिकिटात अंतर्भूत असतो तो केवळ एका आसनावर बसून इच्छित स्थळी उतरण्याचा अधिकार. हा फरक विमानाच्या रंगावरून कळत नाही. पुष्कळदा तो किमतीवरूनही कळत नाही. तो कळतो बॅग काट्यावर ठेवल्यानंतर, आणि तोवर खिशात हात घालण्यावाचून गत्यंतर उरलेले नसते.

विमानप्रवास ही आता धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. दिल्लीतील बैठकीचा निरोप आल्यावर ऐनवेळी निघणारा कार्यकर्ता, लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणारी आई, काशीयात्रेला निघालेले निवृत्त शिक्षक दांपत्य ही सारी मंडळी आज विमानाने जातात. तिकीट बहुधा घरातला मुलगा किंवा सून भ्रमणध्वनीवर काढून देते. यादीत जो आकडा सर्वांत वर, म्हणजे सर्वांत कमी, त्यावर बोट ठेवले जाते. आपण कोणत्या प्रकारच्या विमानसेवेशी व्यवहार करीत आहोत, हा प्रश्न त्या क्षणी कुणाच्या मनात येत नाही. तो यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. स्वस्त विमानसेवा म्हणजे हलकी, कमअस्सल किंवा असुरक्षित सेवा नव्हे. देखभालीचे आणि सुरक्षिततेचे नियम सर्व भारतीय कंपन्यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडूनच लागू होतात. वैमानिकाचा परवाना स्वस्त आणि महाग असा दोन प्रतीत मिळत नाही. किंबहुना या देशातील सामान्य माणसाला आकाश मोकळे केले ते स्वस्त सेवेनेच. लष्करात अधिकारी राहिलेल्या आणि पुढे रेशमाची शेती केलेल्या कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये बंगळुरूहून ‘एअर डेक्कन’ सुरू केली, तेव्हा तिचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी निवडला होता तो आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’! चौकड्यांचा कोट घातलेला तो म्हातारा विमानावर चढला, हीच मोठी क्रांती होती. काही आसने एका रुपयाला विकली गेली. त्यातील जाहिरातबाजीचा भाग सोडला तरी हजारो लोकांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास त्या कंपनीतून केला. त्यानंतर २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, तर २००६ मध्ये इंडिगो आली.

या कंपन्यांचे गणित बहुतांशी अमेरिकेतील टेक्सासच्या साउथवेस्ट या कंपनीने १९७१ पासून घालून दिलेले. शक्यतो एकाच जातीची विमाने ठेवायची, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि कारागीर यांचा खर्च आवरतो. आत एकच वर्ग ठेवून अधिक आसने बसवायची. विमान उतरले की अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायचे, कारण जमिनीवरचे विमान म्हणजे बंद दुकान. आणि जेवण, सामान, खिडकीची जागा यांचे पैसे निरनिराळे घ्यायचे. यात फसवणूक काहीच नाही. ज्याला उपमा खायचा नाही त्याने शेजाऱ्याच्या उपम्याचे पैसे का द्यावेत, हा युक्तिवाद पूर्णतः रास्त आहे. सुरुवातीच्या एअर डेक्कनमध्ये तर आसनक्रमांकही नसे. जो आधी चढेल तो हवे तेथे बसेल. प्रवाशाला ते ठाऊक होते. स्वस्ताई उघड होती आणि म्हणून प्रामाणिक होती.

संभ्रम सुरू झाला तो नावांच्या घोटाळ्यातून. २००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या किंगफिशरने डेक्कनवर ताबा मिळविला आणि पुढच्याच वर्षी तिचे ‘किंगफिशर रेड’ असे नामांतर झाले. त्याच सुमारास जेट एअरवेजने सहारा विकत घेऊन तिची ‘जेटलाइट’ केली आणि २००९ मध्ये ‘जेट कनेक्ट’ही आणली. थोरल्या घराण्याचे नाव आणि धाकट्या पातीचे ताट! नाव वाचून तिकीट काढणाऱ्यास विमानात बसल्यावर कळे की, आपण ‘जेट’मध्ये असूनही चहा विकत घ्यायचा आहे. पुढे यांपैकी कोणीच टिकले नाही. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट २०१९ मध्ये जमिनीवर आली. पूर्ण सेवेचा डौल मिरविणारी कंपनी अधिक भक्कम असते, असेही म्हणून समजायचे कारण नाही.

आजचे चित्र त्याहून गुंतागुंतीचे आहे. टाटा समूहाकडे २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया आली. २०२४ मध्ये पूर्वीची एअरएशिया इंडिया ‘एअर इंडिया एक्स्प्रेस’मध्ये, आणि विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. म्हणजे एकाच घराण्याची दोन नावे: ‘एअर इंडिया’ ही पूर्ण सेवेची आणि ‘एअर इंडिया एक्स्प्रेस’ ही स्वस्त सेवेची. तिकिटाच्या यादीत ‘एक्स्प्रेस’ हा शब्द घाईत नजरेतून निसटतो. आपल्याकडे एक्स्प्रेस गाडी पॅसेंजरहून वरच्या दर्जाची मानली जाते, त्यामुळे गोंधळात भरच. अशा वेळी नावापेक्षा उड्डाणक्रमांकाची पहिली दोन अक्षरे पाहावीत. ‘एआय’ म्हणजे एअर इंडिया, ‘आयएक्स’ म्हणजे एक्स्प्रेस. ‘६ई’ इंडिगोची, ‘एसजी’ स्पाइसजेटची, ‘क्यूपी’ २०२२ मध्ये सुरू झालेल्या अकासाची. परदेशी सहलीस जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, सिंगापूर एअरलाइन्सच्या समूहातील ‘स्कूट’ आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासची ‘जेटस्टार’ ही अशीच धाकटी पाती आहे. आणि दुबईची ‘फ्लायदुबई’ म्हणजे एमिरेट्स नव्हे.

अक्षरांवरही सर्वस्वी विसंबून चालत नाही. ‘कोडशेअर’ नावाच्या व्यवस्थेत क्रमांक एका कंपनीचा आणि विमान दुसरीचे असते. क्रमांकाखाली बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ अमुक असे लिहिलेले असते, ते वाचावे. इंडिगोने २०२३ मध्ये इस्तंबूलसाठी तुर्की एअरलाइन्सची विमाने त्यांच्या वैमानिकांसह भाड्याने घेऊन चालविली, तेव्हा तर क्रमांक आपल्याकडचा आणि विमान तुर्की असा प्रकार होता. आपण कोणाच्या विमानात बसणार, हे जाणून घेण्याचा प्रवाशाला हक्क आहे. मग कारण सेवेचे असो वा अन्य.

त्यातून आता दोन्ही बाजूंच्या सीमारेषाच पुसट होत चालल्या आहेत. स्वस्त म्हणून वाढलेल्या इंडिगोने २०२४ अखेर दिल्ली-मुंबई मार्गावर रुंद खुर्च्यांचा महागडा वर्ग सुरू केला. उलट एअर इंडियाने त्याच वर्षी देशांतर्गत प्रवासातील आपल्या कमी दराच्या तिकिटावरील सामानाची मर्यादा २० किलोवरून १५ किलोवर आणली. म्हणजे सामानापुरती ती स्वस्त कंपन्यांच्या पंक्तीला येऊन बसली. खुद्द साउथवेस्टनेदेखील, बॅगा मोफत नेण्याचा अनेक दशकांचा लौकिक सोडून, २०२५ पासून त्याचे पैसे घ्यायला प्रारंभ केला. तेव्हा ‘ही कंपनी स्वस्तातली, ती प्रतिष्ठेची’ अशी ढोबळ विभागणी पाठ करून भागणार नाही. एकाच कंपनीच्या एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांची तिकिटे वेगवेगळ्या जातीची असू शकतात. ओळखायचे आहे ते कंपनीला नव्हे, तर तिकिटाला. आणि तिकीट ओळखायचे ते त्यातून काय वजा केले आहे यावरून.

काट्यावरचा हिशेब

वजाबाकीत पहिला क्रमांक सामानाचा. महासंचालनालयाने २०२१ मध्ये कंपन्यांना बिनसामानाचे स्वस्त तिकीट विकण्यास मुभा दिली, आणि एअर इंडिया एक्स्प्रेसने २०२४ मध्ये असा दर रीतसर आणला. खांद्याला एक झोळी अडकवून बैठकीला जाणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी परतणाऱ्या कार्यकर्त्याला हे तिकीट म्हणजे वरदान. परंतु हेच तिकीट घरातल्या कुणी आजीसाठी काढले तर? हातातल्या बॅगेची मर्यादा सर्वसाधारणपणे ७ किलो. पोटात जाणारी बॅग चालत असेल तर ती बहुतेक १५ किलो. त्यावरील प्रत्येक किलोला काउंटरवर काही शे रुपये पडतात. तेच वजन आधी घरी बसून नोंदविले तर कमी पडते.

लोहगाव विमानतळावर पाहिलेले एक दृश्य सांगतो. दिवाळीचे दिवस होते. सत्तरी ओलांडलेले जोडपे मुलाकडे निघाले होते. काट्याने सहा किलो अधिक दाखविले. काउंटरवरील मुलगी उद्धट मुळीच नव्हती, तिने आकडा सांगितला, इतकेच. आजोबांनी तो दोनदा विचारला. मग त्या माउलीने सर्वांसमक्ष बॅग उघडली. साड्यांच्या घड्या बाजूला करून स्टीलचे दोन डबे काढले. एकात चिवडा, दुसऱ्यात बेसनाचे लाडू. निरोप द्यायला आलेला भाचा दाराबाहेरच होता; त्याच्याकडे डबे पोचविण्यासाठी आजोबा पुन्हा मागे गेले. कंपनीचे नाव येथे सांगत नाही, कारण नियमाने तिचे काहीच चुकले नव्हते. मात्र ज्याने ते तिकीट काढले, त्याने दोन-तीनशे रुपयांच्या फरकासाठी कोणता पर्याय निवडला, हे त्याला ठाऊक असते तर मुलापर्यंत लाडू पोचले असते.

खाद्यपदार्थांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. दोन तासांच्या प्रवासात घरची पोळी-भाजी नेण्यास कोणाची आडकाठी नसते आणि ती विमानातल्या गार सँडविचहून केव्हाही चांगली. मधुमेही माणसाने मात्र ‘विमानात काहीतरी मिळेलच’ या भरवशावर राहू नये.

दोन तिकिटांमधली दरी

खरा घात होतो तो जोडप्रवासात. परदेशी मुलांकडे जाणारे आईवडील आज नागपूर, पुणे, नाशिक अशा प्रत्येक शहरात आहेत. मुलगा दिल्लीहून अमेरिकेचे तिकीट काढतो आणि पुणे-दिल्ली हा टप्पा स्वस्त कंपनीकडून वेगळा घेतो. चार पैसे वाचतात, हे खरे. परंतु ही दोन तिकिटे म्हणजे दोन स्वतंत्र करार आहेत, हे त्याच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या तिकिटावर अनेकदा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात. पुणे-दिल्लीच्या स्वस्त तिकिटावर मात्र १५ किलो. म्हणजे सातासमुद्रापलीकडे फुकट जाणारे सामान पुण्याहून दिल्लीला नेण्यासाठी दंड भरा! शिवाय कंपन्यांत करार नसेल तर बॅगा परस्पर पुढच्या विमानात चढत नाहीत. त्या दिल्लीत पट्ट्यावरून उतरवून घ्यायच्या आणि पुन्हा द्यायच्या. दिल्लीत स्वस्त विमान टर्मिनल १ वर उतरण्याची शक्यता आणि परदेशी विमान टर्मिनल ३ वरून सुटणार. मध्ये काही किलोमीटरचा रस्ता. पासष्टीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसांनी ही कसरत मध्यरात्री करायची.

आणि पहिले विमानच उशिरा आले तर? दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही केवळ ‘न आलेले प्रवासी’ असता. पहिली कंपनी आपल्या टप्प्यापुरतेच उत्तरदायित्व मानते. एकाच तिकिटावर, एकाच नोंदणी क्रमांकाखाली दोन्ही टप्पे असते, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर आली असती. म्हणून लांबच्या प्रवासात एकसंध तिकीट चार हजारांनी महाग असले तरी तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते चार हजार म्हणजे आईवडिलांच्या डोक्यावरची छत्री आहे.

उशिराचे कारणही स्वस्त सेवेच्या गणितातच दडलेले आहे. तेच विमान पहाटेपासून रात्रीपर्यंत पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी धुक्यात एक तास गेला की तो प्रत्येक फेरीला पुढे ढकलला जातो आणि रात्रीच्या प्रवाशाच्या पदरी पडतो. यावर साधा उपाय म्हणजे महत्त्वाच्या कामासाठी दिवसातले पहिले उड्डाण निवडणे. काटकसरीचा हाच ताण २०२५ च्या डिसेंबरात साऱ्या देशाने पाहिला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. इंडिगोची तयारी अपुरी पडली. हजारो उड्डाणे रद्द झाली. देशातील दर दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक जण एकाच कंपनीच्या विमानातून जात असतील तर त्या कंपनीची आजारपणे ही राष्ट्राची आजारपणे होतात. इतर कंपन्यांचे दर तेव्हा आकाशाला भिडले आणि सरकारला तात्पुरती कमाल भाडेमर्यादा ठरवावी लागली. त्यापूर्वी, २०२३ च्या मे महिन्यात, ‘गो फर्स्ट’ या नव्या नावाने वावरणारी गोएअर दिवाळखोरीच्या अर्जासह बंद पडली, तेव्हा आगाऊ तिकिटे काढलेल्यांना आपल्याच पैशांसाठी दावेदारांच्या रांगेत उभे राहावे लागले. ज्या कंपनीच्या आर्थिक प्रकृतीविषयी वर्तमानपत्रांत वारंवार बातम्या येत आहेत, तिचे सहा महिने पुढचे तिकीट कितीही स्वस्त असो, न काढलेले बरे.

कायदा ग्राहकाच्या बाजूने अगदीच उभा नाही, असे मात्र नाही. तिकीट ‘पैसे परत न मिळणारे’ असले तरी प्रवास रद्द केल्यास त्यातील कर आणि विमानतळ शुल्के परत करणे कंपनीस बंधनकारक आहे, आणि रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार याहून जास्त असता कामा नये. कितीजण ही रक्कम मागतात? काउंटरवर प्रवेशपत्र देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असे मंत्रालयाने २०२२ च्या जुलैमध्ये बजावले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकीटनोंदणीवरील आईवडिलांपैकी एकाजवळ तरी बसवावे, हा आदेश २०२४ च्या एप्रिलमधला. तेव्हा ‘बाळ शेजारी हवे असेल तर जागेचे पैसे भरा’ असे पडदा सुचवीत असेल तर घाबरून भरू नयेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ज्या फसव्या युक्त्यांना मनाई केली, त्यांत किंमत टप्प्याटप्प्याने वाढवीत नेणे आणि न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे यांचा समावेश आहे. विम्याच्या चौकटीत आधीच उमटलेली खूण हे त्याचेच उदाहरण. ती काढून टाकावी, आणि त्या पानाचे चित्र जपून ठेवावे.

महाराष्ट्रापुरता एक नवा मुद्दा आहे. गोव्यात २०२३ पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाले आहेत. मुंबई परिसरात २०२५ च्या डिसेंबरअखेर नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. यादीत दोन्ही ‘गोवा’ आणि दोन्ही ‘मुंबई’ म्हणून येतात. मडगावला जाणाऱ्याने मोपाचे स्वस्त तिकीट काढले तर उरलेले पैसे टॅक्सीवाल्याला जातात. बोरिवलीकराने नवी मुंबईचे काढले तरी तेच. पनवेलकराला मात्र तेच सोयीचे. युरोपात हा प्रकार जुना आहे. तेथील स्वस्त कंपन्यांचे ‘फ्रँकफर्ट-हान’ हे फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. आपल्या सहलवाल्यांना हे ठाऊक असते, पण स्वतः तिकीट काढणाऱ्यास नसते.

आणि कोल्हापूर, नांदेड, जळगाव येथून उडणारी छोटी विमाने? त्यांना स्वस्त कंपन्यांच्या पंक्तीत बसविणे चूक ठरेल. त्यांतील काही आसने ‘उडान’ योजनेच्या साहाय्यामुळे मर्यादित दरात मिळतात; स्वस्ताई तेथे शासनाची असते, कंपनीच्या काटकसरीची नव्हे. स्टार एअरच्या काही विमानांत तर चक्क वरचा वर्गही आहे.

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा प्रश्न वजनमापांचा आणि भेसळीचा होता. दुकानदाराचा तराजू निदान ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असे. आजचा तराजू पडद्यामागे आहे आणि त्याची भाषा इंग्रजी आहे. रेल्वेच्या तिकिटावर प्रवासाचा वर्ग ठळक छापलेला असतो. विमानाच्या तिकिटावरही पैसे भरण्यापूर्वी, आकड्याच्या शेजारी आणि आकड्याएवढ्याच अक्षरांत, प्रवाशाच्या भाषेत तीन गोष्टी छापल्या जाव्यात: सामान किती किलो, जेवण आहे की नाही, आणि बेत रद्द झाल्यास परत किती मिळणार. ग्राहक संघटनांनी ही मागणी महासंचालनालयाकडे लावून धरायला हवी. ती मान्य होईपर्यंत घरातल्या ज्या कुणाकडे तिकीट काढण्याचे काम आहे, त्याने पैसे भरण्याआधी या तीन गोष्टी प्रवासाला निघणाऱ्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवाव्यात.